मधल्या नावाची जीप

नेपाळला जायची सगळी तयारी झाली होती. अडचण एवढीच होती, की गाडीचा मालक वारलेला होता.

मालक म्हणजे माझे मेहुणे, आबा. दोंडाईच्याला त्यांचा मिरचीचा व्यापार. त्या व्यापारासाठी घेतलेली जीप अजून घरासमोर उभी असते आणि तिच्या सीटांमध्ये मिरची इतकी मुरलीय, की नवा माणूस आत बसला की आधी शिंकतो आणि मग नमस्कार करतो. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. पण सरकारदरबारी ते ठणठणीत होते. गाडीचा विमा दरवर्षी त्यांच्या नावाने निघत होता, वाढदिवसाला त्यांच्या मोबाईलवर पुढाऱ्यांच्या शुभेच्छा येत होत्या, आणि मधे तर सीटबेल्ट न लावल्याबद्दल त्यांना दंडाची नोटीससुद्धा आली होती. ज्या माणसाने जिवंतपणी कधी सीटबेल्ट लावला नाही, त्याने मेल्यावर तरी लावायला हवा होता असं सरकारचं म्हणणं असावं.

मी जळगावचा. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालो. जगातल्या झाडून साऱ्या सीमा मी फळ्यावर खडूने आखल्या आणि डस्टरने पुसल्या, पण पायांनी ओलांडली ती फक्त मध्य प्रदेशाची, तीही बऱ्हाणपूरला एका लग्नाची पंगत गाठायला. त्यामुळे थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्काचा, फोन आला, "नेपाळले जानं शे. तू चाल," (नेपाळला जायचंय, तू चल) तेव्हा मी नकाशा न बघता हो म्हटलं. तिथंच चुकलं.

"रेल्वेची तिकिटं काढू का?" मी विचारलं.

"रेल्वे कसाले? आपली जीप शे ना."

"अगं अक्का, कुठे दोंडाईचा, कुठे नेपाळ! आपण रेल्वेने गोरखपूरला जाऊ, तिथून बस. देव काय तोच."

"देव कोठे पळी नही जाई राहिना. माले त्यासनी गाडीमा जानं शे." (देव कुठे पळून जात नाही. मला त्यांच्या गाडीतून जायचंय.)

'त्यासनी' म्हणजे आबांची. अक्काने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. ते असताना नाही आणि गेल्यावर तर नाहीच. 'ते', 'त्या', 'पोरांचा बाप' यांवर तिचा सगळा संसार झाला. आबा तिला दरवर्षी सांगायचे, "यंदाचा हंगाम उरकू दे, पशुपतिनाथाला जाऊ, आपल्याच गाडीने जाऊ." हंगाम दरवर्षी उरकायचा आणि लगेच दुसरा यायचा. एका हंगामात आबाच उरकले. शब्द तेवढा मागे राहिला आणि तो अक्काने जपून ठेवला होता. मला हे सगळं माहीत होतं, म्हणून मी पुढे वाद घातला नाही.

दोंडाईच्याला पोचलो तर अंगणात अर्धी गल्ली जमलेली. खानदेशात कुणी परदेशी निघालं की सल्ला द्यायला माणूस कमी पडत नाही, आणि ज्याने शिरपूरच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही त्याचा सल्ला सगळ्यांत लांबचा असतो. एक म्हणाला, रेशनकार्ड घ्या. दुसरा म्हणाला, आधार तिकडे चालत नाही, मतदान कार्ड घ्या. हे मात्र खरं निघालं. तिसरा म्हणाला, काही नको, आबांचं नाव सांगा. जणू काठमांडूत आबांची उधारी होती.

माझा भाचा संजू, गाडी तोच चालवणार, त्याने सगळ्यांचं ऐकून प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद अभिमानाने काढला. "मामा, मी सातबारा काढून आणलाय. ताजा. तलाठ्याच्या सहीचा."

"सीमेवर सातबारा कशाला रे?"

"असू द्या ना. सातबाऱ्यापुढे कुणाची बोलायची टाप आहे?"

शेतकऱ्याच्या पोराला जगात कुठंही विचारलं की तू कोण, तर तो सातबाराच दाखवणार. मी म्हटलं, "ते राहू दे. गाडीचं आरसी बुक दाखव."

त्याने दाखवलं. मालकाच्या जागी आबा.

"अरे, नावावर नाही केली गाडी?"

"आत्तापर्यंत कुठं अडलं, मामा? पोलिसाला सांगायचं आबांची गाडी आहे. सोडतात."

"दोंडाईच्याचे पोलीस सोडतात. नेपाळात गाडी न्यायची तर तिथे नाक्यावर परवाना काढावा लागतो. मालक बरोबर पाहिजे, नाहीतर मालकाचं संमतीपत्र पाहिजे."

संजूने वर बघितलं. मीही बघितलं. वरून काही संमती येण्यासारखी दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला गेलो. तिथे एक गृहस्थ आहेत. कचेऱ्यांच्या आसपास टपरी, टपरीत झेरॉक्सचं मशीन, म्हणून त्यांना सगळे झेरॉक्सनाना म्हणतात. कुठलंही काम असो, नाना आधी कागदाची झेरॉक्स काढतात आणि मग अडचण विचारतात. आमची अडचण ऐकून ते खो-खो हसले.

"एवढंच? गुरुजी, आबांकडून संमतीपत्र लिहून घ्या."

"नाना, ते वारलेत."

"ते कळलं हो. सही कशी करायचे?"

"अंगठा लावायचे."

"मग तर फारच सोपं!" नानांनी टाळी दिली. "अंगठ्याला काय, सगळे अंगठे सारखेच दिसतात."

माझं डोकं फिरलं. उभं आयुष्य पोरांना कॉपी करू नका म्हणून ओरडलो, आणि आता मेलेल्या मेहुण्याचा अंगठा मारून परदेशी जाऊ? मी नानांना चार शब्द सुनावले. नाना अजिबात रागावले नाहीत. माझ्या रागाचीही त्यांनी झेरॉक्स काढून ठेवली असेल. म्हणाले, "मग सरळ रस्त्याने जा बुवा. वारसांची संमती घ्या, मृत्यूचा दाखला जोडा, आणि आबांचं नाव कमी करून अक्कांचं लावा."

हे 'नाव कमी करणं' सगळ्या कचेऱ्यांत चालतं. रेशनकार्डातून, उताऱ्यातून, यादीतून माणूस कमी होतो. मीही तो शब्द हजारदा ऐकलाय आणि कधी टोचला नाही. पण घरी येऊन अक्काला सांगितलं, तर मिरच्यांची देठं खुडता खुडता तिचे हात थांबले.

"त्यासनं नाव कमी करीसन मी देवले जाऊ?" (त्यांचं नाव कमी करून मी देवाला जाऊ?)

"अगं, नुसतं कागदावर."

"त्या आते कागदवरच शेतस ना. आखो कोठे शेतस?" (ते आता कागदावरच आहेत ना. आणखी कुठे आहेत?)

संजू उठून उगीच जीपचं बॉनेट उघडून बघायला लागला. मी म्हटलं, मग रेल्वेने जाऊ. ती नाही म्हणाली. म्हटलं, जीप सीमेपर्यंत नेऊ, अलीकडे लावू, पुढे बसने जाऊ. तेही नाही. नाव कमी करायचं नाही आणि गाडी इथे ठेवायची नाही. खरं सांगतो, मला तिचा रागही आला आणि गलबलूनही आलं. दोन्ही एकदम आलं की माणूस चहा मागतो. मी चहा मागितला.

दोन-चार दिवस तसेच गेले. मग एका सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो, तर अक्का फडकं घेऊन जीपची काच पुसत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कर कमी."

"काय?"

"नाव ऱ्हायनं आन गाडी आठेच ऱ्हायनी, ते त्यासना शबद खोटा पडना ना भो." (नाव राहिलं आणि गाडी इथेच राहिली, तर त्यांचा शब्द खोटा पडला ना.)

म्हणजे तिने निवड केली होती. नाव की शब्द, तर शब्द. पण ते बोलताना तिचा चेहरा असा झाला होता, की मला तोंडातला फेस थुंकायचंही सुचेना.

धुळ्याला आम्ही पुन्हा गेलो, या खेपेला फौज घेऊन. वारस म्हणून अक्काची मुलगी संगीता रावेरहून आली. रावेरला ती केळीवाल्यांच्या घरात दिलेली, त्यामुळे कुठेही जाताना केळी घेतल्याशिवाय निघत नाही. सहीला येतानाही ती एक घड घेऊन आली आणि रांगेतल्या सगळ्यांना वाटत सुटली. आमची रांग त्या दिवशी तेवढी एकच आनंदी होती.

प्रतिज्ञापत्र करायला पत्र्याच्या शेडखाली एक वकीलसाहेब बसले होते. माणूस चांगला, पण नियमाला पक्का. म्हणाले, "प्रतिज्ञापत्र आजींचं आहे, तर नाव आजींनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. बोला आजी, पूर्ण नाव?"

"इंदूबाई," अक्का म्हणाली.

"पुढे?"

"पाटील."

"अहो, मधलं?"

अक्का शेडचा पत्रा बघायला लागली.

"मधलं नाव, आजी. पतीचं."

पत्र्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण अक्का बघत राहिली. वकीलसाहेबांना वाटलं, आजींना ऐकू कमी येतं. ते ओरडून विचारायला लागले. आजूबाजूचे दहा लोक मान वळवून बघू लागले, आणि त्यातल्या एकाने फुकटचा तोडगा काढला, "उखाण्यात घ्या ना मावशी, उखाण्यात!" दोघं-तिघं हसलेही. संगीताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नवरा गेलेल्या बाईला भर कचेरीत उखाणा घ्यायला सांगतात मेले. मी त्या माणसाकडे असं बघितलं, की वर्गात असता तर बाकावर उभा राहिला असता.

शेवटी अक्कानेच वाट काढली. मृत्यूच्या दाखल्यावर आबांच्या नावाखाली बोट ठेवलं आणि वकीलसाहेबांपुढे सरकवला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, लिहून घेतलं, आणि मग हळूच म्हणाले, "चालेल आजी." माणूस चांगला होता म्हणालो ना.

पुढचं काम मात्र फार सोपं निघालं आणि त्यामुळे आमची थोडी निराशाच झाली. आम्ही लढायच्या तयारीने गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले, एक शिक्का मारला आणि म्हणाल्या, "कार्ड पोस्टाने घरी येईल." झेरॉक्सनानांना हे सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. कामं अशी सरळ व्हायला लागली तर टपरी कशावर चालायची?

मग पीयूसी. तिथल्या पोराने धूर तपासायची नळी जीपच्या मागे लावली आणि इंजिन सुरू होताच तोच शिंकायला लागला. म्हणाला, "काका, धूर पास आहे, पण गाडीला फोडणी कुणी दिली?"

कार्ड आलं. इंग्रजी अक्षरांतलं, चिप लावलेलं, गुळगुळीत. संजूने ते आईच्या हातात ठेवलं, "माय, आता तू मालकीण." अक्काने ते उलटं-सुलटं न करता कंबरेच्या पिशवीत टाकलं आणि आत निघून गेली. त्यानंतर तिने त्या कार्डाचा विषय काढला नाही आणि आम्हीही नाही.

निघायच्या दिवशी जीपला लिंबू-मिरची बांधली. मिरचीच्या व्यापाऱ्याच्या गाडीला बाहेरून मिरची बांधायची म्हणजे पाण्याला ओलं करण्यातला प्रकार, पण रीत ती रीत. गल्लीने नारळ फोडला. अक्काने शेवटचं विचारलं, "बठ्ठा कागद लिधात का?" (सगळे कागद घेतले का?) संजूने पिशवी वाजवून दाखवली. सातबारा वरच होता.

जळगाव मागे टाकून आम्ही जेवायला रावेरला संगीताकडे थांबलो. भरीत, कळण्याची भाकरी आणि वर कांद्याची पात. परदेशी जाणाऱ्या माणसाने असं जेवू नये, कारण मग परदेशी जावंसंच वाटत नाही. निघताना संगीताने मागच्या सीटवर केळीचे घड असे रचले, की मला गुडघे हनुवटीला लावून बसावं लागलं. बाहेर केळीने भरलेले ट्रक उभे होते आणि त्यांच्या शेजारी आमची जीप धाकट्या भावासारखी दिसत होती.

बऱ्हाणपूरपासून पुढे संजूला नवाच आजार जडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे सगळे कागद खरे होते, आणि ते कुणी विचारीना. पोलीस दिसला की तो मुद्दाम गाडी हळू करायचा, काच खाली करायचा आणि त्याच्याकडे आशेने बघायचा. पोलीस हात हलवून "चलो चलो" म्हणायचे. एकदा तर त्याने स्वतःहून गाडी बाजूला घेतली. पोलिसाने विचारलं, "क्या हुआ, पंक्चर?" संजू म्हणाला, "नहीं साब, कागज देखो ना." त्या बिचाऱ्याला यात काहीतरी डाव वाटला आणि तोच दोन पावलं मागे सरला.

उत्तर प्रदेशातल्या एका ढाब्यावर अक्काने जेवणाबरोबर मिरची मागितली. पोपटी रंगाच्या लांब मिरच्या आल्या. तिने एक दातांनी तोडली, चावली, आणि ढाबेवाल्याकडे दयेने बघितलं. "हाई मिरची शे? हाई ते भेंडीनी मावशी शे!" (ही मिरची? ही तर भेंडीची मावशी!) मग आपल्या डब्यातला ठेचा काढून तिने त्यालाच चाखायला दिला. ढाबेवाला बराच वेळ हातपंपाजवळ उभा होता. अक्का त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसली. बाकी वाटभर ती खिडकीला डोकं टेकवून बसलेली. एकदाच मला म्हणाली, "गाडी मन्ही व्हयनी. मंग त्यासनं काय ऱ्हायनं रे?" (गाडी माझी झाली. मग त्यांचं काय राहिलं रे?) मी म्हटलं, "असं काय बोलतेस!" आणि एक केळं सोलून तिच्या हातात दिलं.

आणि मग ती सीमा आली. मी काय काय कल्पना केल्या होत्या! प्रत्यक्षात एक मोठी कमान, तिच्याखालून सायकली, रिक्षा, गोणी घेतलेले हमाल, शाळेची पोरं आणि एक बकरी असे सगळे बिनदिक्कत इकडून तिकडे चाललेले. बकरीला कुणी मधलं नाव विचारलं नाही. फक्त आमच्यासारख्या गाडीवाल्यांनी पलीकडे जाऊन भन्सार (जकातीचं कार्यालय) गाठायचं आणि परवाना घ्यायचा.

तिथला एक शिपाई जीप तपासायला आला. मागचं दार उघडलं, केळी बघितली, आत डोकं घातलं, आणि मग त्याची शिंक काही थांबेना. तो डोळे पुसत "ठीक छ, ठीक छ" म्हणत निघून गेला.

खिडकीत एक तरुण, नीटनेटका अधिकारी होता. हिंदीत बोलत होता. मी, संजू आणि आमच्यामागे अक्का असे उभे राहिलो. मी अक्काकडून कार्ड घेऊन सगळे खरे कागद क्रमाने हातात लावून ठेवले होते. आता फक्त ते पुढे करायचे. अधिकाऱ्याने संजूला सहज विचारलं, "गाडी किसकी है?"

आणि संजू, ज्याला जन्मापासून या प्रश्नाचं एकच उत्तर ठाऊक होतं, तो छाती काढून म्हणाला, "आबा की!"

"तो आबा को बुलाइए."

"वो... वो तो गुजर गये, साब."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. इतक्या लांब येऊन या गाढवाने आबांना परत मालक केलं आणि परत मारलंही! "मालिक नहीं है, तो गाडी उस पार नहीं जाएगी," अधिकारी शांतपणे म्हणाला. संजू इतका घाबरला, की त्याने घाईघाईने पिशवीतला पहिला कागद काढून पुढे केला. तो सातबारा होता.

लिपी देवनागरीच, त्यामुळे त्या माणसाने तो प्रामाणिकपणे वाचायला घेतला. पिकांच्या रकान्यापर्यंत पोचला. "ये... कपास लिखा है?"

"साहेब, तो नाही, हा बघा!" म्हणत मी गाडीचं कार्ड पुढे सारलं. मराठीत बोललो हे नंतर लक्षात आलं. त्याने कार्ड उजेडात धरलं आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला.

"इंदूबाई. लोटन. पाटील. ये कौन है?"

मागून अक्काने माझा दंड इतका घट्ट धरला, की मी कळवळलो. परक्या मुलखातला परका माणूस, आणि त्याच्या तोंडी आबांचं नाव.

"त्याले त्यासनं नाव कोन सांगं?" ती कुजबुजली. (त्याला त्यांचं नाव कुणी सांगितलं?)

"कार्डावर लिहिलंय, अक्का. तुझ्या नावात."

"कमी कयं व्हतं ना?"

"गाडीवरून कमी केलं. तुझ्यातून कुठे केलं?"

हे बोललो आणि मीच थांबलो. ही काय नवी गोष्ट होती? अक्काचं पूर्ण नाव मला पाठ, संजूला पाठ, तिला स्वतःला पाठ. इतके दिवस आम्ही सगळे आबांचं नाव चाललं म्हणून तोंडं पाडून बसलो होतो आणि ते तिच्या नावात मधोमध बसलेलं होतं.

"मझार शे?" तिने विचारलं. (मध्ये आहे?)

"मझार आहे."

अधिकाऱ्याने विचारलं, "मालिक ये माताजी हैं? माताजी, अपना पूरा नाम बोलिए." मी मदतीला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला. "आप नहीं. मालिक बोलेंगी."

मागे रांग होती. कुणाचा तरी हॉर्न वाजत होता. मला ती पत्र्याची शेड आठवली आणि वाटलं, संपलं, आता ही वर छताकडे बघणार. अक्काने पदर सारखा केला, डोक्यावरून नीट ओढून घेतला, खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली.

"इंदूबाई," ती म्हणाली. मग एक श्वास घेतला. "लोटन. पाटील."

मधलं नाव ती जरा मोठ्यानेच म्हणाली. संजू माझ्याकडे बघत राहिला. त्याने आपल्या बापाचं नाव आईच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. मिरचीच्या व्यापाऱ्याचा पोरगा तो, मिरचीने कधी रडला नाही, आणि तिथे शर्टाच्या बाहीने डोळे पुसत उभा होता. माझंही फार वेगळं चाललं नव्हतं, पण मी चष्मा पुसत असल्याचं दाखवलं.

अधिकाऱ्याला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने कार्ड आणि मतदान कार्ड ताडून बघितलं, पावती फाडली आणि म्हणाला, "ठीक है माताजी, जाइए." सातबारा त्याने आदराने घडी करून परत दिला.

पशुपतिनाथाचं वर्णन मी करत नाही, ते बऱ्याच जणांनी केलंय. गर्दी होती, माकडं होती, आणि आमची केळी माकडांच्या उपयोगी पडली. अक्काने बेलपानाबरोबर जीपमध्ये सापडलेली एक सुकी मिरची वाहिली. पुजारी गोंधळला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंस?" तर म्हणाली, काही नाही, गाडी आणली म्हणून सांगितलं.

परतीच्या वाटेवर अक्काला कंठ फुटला. सीमेवर आपल्याकडच्या जवानाने नुसतं "कहाँ से?" विचारलं, तर हिने पूर्ण नाव सांगितलं. टोलनाक्यावर कुणी काही विचारलं नव्हतं, तिथेही सांगितलं. त्या ठेच्याच्या ढाब्यावर तर ढाबेवाला आम्हाला बघून आत पळत होता, त्याला थांबवून सांगितलं. संजू म्हणाला, "मामा, ही आता दोंडाईच्यापर्यंत थांबायची नाही." मी म्हटलं, थांबवू नकोस. मला माझा फळा आठवत होता. खडूची एक रेघ ओढून मी म्हणायचो, मुलांनो, ही सीमा, इकडचं ते आपलं आणि तिकडचं ते त्यांचं. किती ठामपणे सांगायचो! आता कुणी वर्ग दिला, तर तेवढ्या ठामपणे सांगता येईल असं वाटत नाही.

रावेरला संगीता ओट्यावरच वाट बघत होती. हातात पाण्याचा तांब्या. जीप थांबायच्या आत संजूने खिडकीतून ओरडून बातमी दिली, "ताई, मायने आबांचं नाव घेतलं! सीमेवर, सगळ्यांसमोर!"

संगीताचा विश्वास बसेना. ती धावत दाराशी आली. "माय, खरंच? तू आबांचं नाव घेतलंस?"

अक्का सावकाश खाली उतरली, पाय जमिनीवर नीट रोवले, लुगड्याच्या चुण्या झटकल्या.

"मी ते मन्हं नाव लिधं," ती म्हणाली. "त्यासनं मझार येस, त्याले मी काय करू?"

आणि लेकीच्या हातातला तांब्या घेऊन ती उभ्यानेच घटाघटा पाणी प्यायली.